फिरकीच्या तांब्यातली गंगा

मित्रांनो, मी एक जुना पितळी तांब्या आहे. साधासुधा नव्हे, फिरकीचा. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखा पाहिलेला नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो. माझ्या गळ्याला आटे पाडलेले आहेत. त्यावर झाकण फिरवून घट्ट बसवलं की मला आडवा करा, उलटा करा, थेंब बाहेर येत नाही. तुमच्या त्या रंगीत बाटल्या दप्तरात गळतात आणि वह्या भिजवतात, तसला गळकेपणा आमच्या खानदानात नाही. ही जरा फुशारकी झाली, पण म्हातारपणी एवढी चालते.

माझा जन्म इंदूरच्या कसेरा बाजारातला, म्हणजे तांब्यापितळेच्या भांड्यांच्या बाजारातला. कारागिराने पत्रा तापवला, ठोकला, पुन्हा तापवला, पुन्हा ठोकला. मी केकाटलो की तो म्हणायचा, "रुक जा बेटा, अभी तो पेट बना है, गला बाकी है." गळा झाला, झाकण झालं, आणि मला चिंचेने घासून दुकानाच्या फळीवर ठेवलं. प्रवाशाची तहान भागवायची, हेच माझं काम. त्यासाठीच मला घडवलं होतं, हे ध्यानात ठेवा. पुढे ते उपयोगी पडेल.

मला विकत घेतलं संताजी शितोळ्यांनी. होळकरांच्या फौजेत त्यांनी नोकरी केली होती. नोकरी सुटल्यावर ते मला घेऊन थेट रामेश्वरला गेले आणि तिथून पुढे धनुष्कोडीहून बोटीने लंकेला. बोटीवर सगळ्यांना मळमळत होतं, आपण मात्र मिशीला पीळ देत उभे होतो, असं ते जन्मभर जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या शेजाऱ्यांना सांगत. खरं काय घडलं ते मला माहीत आहे, कारण त्यांनी चूळ भरली ती माझ्यातल्याच पाण्याने. पण मालकाचं गुपित पोटात ठेवावं, असं मला तेव्हा वाटे. झाकली मूठ सव्वा लाखाची! पुढे या झाकलेल्या मुठीने मला फार छळलं.

संताजींचे चिरंजीव वासुदेव इंदूरच्या पोलोग्राउंड भागातल्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांचं लग्न झालं तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बायकोपुढे धरलं आणि म्हणाले, "हा लंकेला जाऊन आलेला आहे. तुलाही नेतो. बोटीने." मनोरमाबाई उज्जैनच्या. त्यांनी क्षिप्रेतल्या होड्या पाहिल्या होत्या, समुद्र कधीच नाही. त्या दिवशी बोट त्यांच्या डोक्यात शिरली ती शिरलीच.

काशी-रामेश्वराची रीत तुम्ही ऐकली असेल. जुनी माणसं आधी रामेश्वरच्या समुद्रातली वाळू काशीला नेऊन गंगेत सोडत, मग तिथून गंगा भरून आणत आणि ती रामेश्वराच्या पिंडीवर घालत. तेव्हा कुठे यात्रा पुरी होई. वासुदेवांना रजा मिळाली ती काशीपुरती, म्हणून त्यांनी वाळूचा भाग सोडून दिला आणि मधूनच सुरुवात केली. नवराबायको काशीला गेले, मला गंगेत बुडवून भरलं, झाकण फिरवलं आणि गळ्याभोवती लाख ओतून मला बंद केलं. ठरलं असं, की पुढच्या रजेत रामेश्वरला जायचं, पिंडीवर गंगा घालायची आणि तसंच पुढे बोटीने पलीकडे.

पुढची रजा येईपर्यंत पलीकडे लढाई पेटली आणि बोटच बंद पडली. लोक म्हणाले, बोट राहू द्या, निदान रामेश्वर करून या. वासुदेव हट्टाला पेटले. "दोन्ही एकदमच. मी हिला शब्द दिलाय." वर्षं गेली, केस पिकले, बोट काही सुरू होईना. शेवटच्या दुखण्यात त्यांनी मनोरमाबाईंना जवळ बोलावलं आणि एवढंच म्हणाले, "तांब्या सांभाळ." मनोरमाबाईंनी मला सांभाळलं. मी देवघरात देवांच्या शेजारी बसलो. रोज सकाळी त्या मला एक फूल वाहत आणि म्हणत, "थांब गं माय, नेते तुला." ते मला उद्देशून नव्हतं, माझ्या पोटातल्या गंगेला होतं. तरी फूल माझ्याच डोक्यावर पडे आणि मला अगदी मोठ्या घरचा झाल्यासारखं वाटे.

आता उदयसिंहाचं सांगतो. हा वासुदेवांचा मुलगा. त्याला मी रांगताना पाहिलं आहे, म्हणून अरेतुरे करतो, एरवी तो पोलोग्राउंडमधल्याच एका कारखान्यात मॅनेजर आहे. लहानपणी परीक्षेला जाताना तो मला हात लावून जायचा. मनाने वाईट मुळीच नाही. पण कामाच्या घाईत त्याचा एक हात कायम फोनला चिकटलेला असतो.

एका दिवाळीच्या आधी घराला रंग द्यायचा होता. मनोरमाबाई बहिणीकडे उज्जैनला निघाल्या होत्या. जाताना बजावून गेल्या, "देवघराला मी आल्याशिवाय हात लावायचा नाही हां, उदय. देव मी स्वतः उतरवीन." पण रंगारी त्या भिंतीपाशी येऊन थांबला, कारखान्यातून फोनवर फोन येत होते, आणि उदयने एका कानाला फोन धरून दुसऱ्या हाताने देव्हारा ओढला. मी कडेला होतो. फरशीवर आपटलो, लाख तडकली, झाकण आट्यांवरून सुटलं आणि एवढी वर्षं सांभाळलेली गंगा रंगाच्या बादलीपर्यंत वाहत गेली.

उदयचा चेहरा पांढरा पडला. आणि मित्रांनो, घाबरलेल्या माणसाने हाताला लागेल ते उचलावं तसा त्याने जमीन पुसायचा पोछा उचलला आणि गंगा पुसून काढली. पोछा मोरीत पिळला. मग मला धुतलं, स्वयंपाकघरातल्या नळाखाली धरलं आणि भरलं. इंदूरच्या नळाला नर्मदेचं पाणी येतं, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण त्या वेळी उदयच्या डोक्यात ना गंगा होती ना नर्मदा. आई यायच्या आत सगळं होतं तसं दिसलं पाहिजे, एवढंच होतं.

लाखेचं काम सोनाराकडे. म्हणून तो मला पिशवीत घालून सराफ्यात घेऊन गेला. तिथे चिंतामण नावाच्या कारागिराने मला उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "अंदर क्या है, भिया?"

"गंगाजल," उदय म्हणाला.

चिंतामणने मला कपाळाला लावलं, मग लाख तापवून गळ्याभोवती नीट बसवली. कामाचं काही घेईना. "गंगा मैया का काम है, इसका क्या लेना." उदय मान खाली घालून परतला. वाटेत त्याने मला पिशवीतून एकदाही बाहेर काढलं नाही.

मनोरमाबाई उज्जैनहून परतल्या तेव्हा देव्हारा जागच्या जागी होता. दुसऱ्या सकाळी त्यांनी मला फूल वाहिलं. "थांब गं माय, नेते तुला." मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदा मला फूल नकोसं झालं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो, की बाई, तुमची माय इथे नाही. पण माझं तोंड होतं लाखेने बंद. पुढे दर सकाळी तेच. कुणी चुकून दुसऱ्याच्या नावाचा हार आपल्या गळ्यात घातला तर कसं वाटेल, तसा मी रोज फुलाखाली चोरासारखा बसून राही.

उदयची गत याहून वाईट. चोराच्या मनात चांदणं! तो आता देवघरात शिरत नसे, दारातूनच हात जोडून निघून जाई. आईने कुणा पाहुण्याला कौतुकाने माझी गोष्ट सांगायला घेतली की याला नेमकं बाहेर काम निघे. बायकोलाही त्याने काही सांगितलं नव्हतं.

त्याची बायको प्राची. साताऱ्याची मुलगी, इथल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवते. ती मनाची सरळ आणि कामाची पक्की. एकदा चहा पिताना फोनमध्ये वाचता वाचता ती म्हणाली, "आई, बोट सुरू झाली आहे. तमिळनाडूतल्या नागपट्टिनमहून श्रीलंकेला. सकाळी बसायचं आणि काही तासांत पलीकडे."

मनोरमाबाईंचा कप बशीत आपटला. "खरंच सांगतेस? मजाक नको हां करू, प्राची."

"मजाक कशाला करू? हे बघा, फोटोसुद्धा आहे."

मनोरमाबाईंनी चष्मा लावून फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. मग वासुदेवांच्या तसबिरीकडे वळून म्हणाल्या, "बघा हो, सुरू झाली. फिर तो जायचंच." आणि डोळ्याला पदर लावला. उदय तिथेच उभा होता. आईच्या आनंदाने त्याचाही चेहरा उजळला, आणि मग त्याची नजर देवघराकडे, माझ्याकडे गेली. चेहरा पुन्हा उतरला.

मग घरात बेत सुरू झाला. प्राचीने जेवायच्या टेबलावर नकाशा पसरला. इंदूरहून विमानाने चेन्नई, तिथून रेल्वेने नागपट्टिनम, मग बोट. पलीकडे दोन दिवस राहून त्याच बोटीने परत आणि शेवटी रामेश्वर. मनोरमाबाईंना आधी रामेश्वर हवं होतं, पण बोटीच्या तारखा बोट ठरवते, हे त्यांनी मान्य केलं. "चालेल. तांब्या आपल्याबरोबर राहील. माय पण समुद्र बघून येईल, मग पिंडीवर घालू. दोन्ही एकाच फेरीत, त्यांनी सांगितलं होतं तसं."

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला, त्याला पोहे आणि जिलबी खाऊ घालून मनोरमाबाईंनी बोटीची सगळी हकिगत ऐकवली. बिचारा दुसरी बशी संपेपर्यंत बसून होता. पायांना नवे बूट आणले, कारण बोटीचा जिना चढायचा. मळमळीवर आलेपाक करून डबा भरला. आणि रोज संध्याकाळी त्या बागेतल्या झोपाळ्यावर जाऊन डोळे मिटून झोके घेऊ लागल्या. शेजारणीने विचारलं तर म्हणाल्या, "प्रॅक्टिस करते आहे. बोट हलते ना!" पोरं हसायची, त्या झोके घ्यायच्या.

सामानाच्या वजनाला बोटीवर मर्यादा असते. प्राचीने काटा आणला, पिशवी टांगली, आणि काटा भलताच खाली गेला. उघडून पाहिलं तर निम्मी पिशवी शेवेने भरलेली. इंदूरचा माणूस चंद्रावर गेला तरी शेव बरोबर नेईल.

"आई, दोन साड्या तरी कमी करा."

"तीन काढ. शेव राहू दे. पलीकडच्या लोकांना काय देणार, रिकामा हात?"

असं सगळं रंगात आलं होतं आणि उदय मात्र रोज एक खोट काढत होता. आधी म्हणाला, या दिवसांत समुद्र खवळलेला असतो. प्राचीने महिना बदलला. मग म्हणाला, बोटवाल्यांचा भरवसा नाही, वारा सुटला की कॅन्सल करतात. प्राचीने दोन दिवस हाताशी जास्त ठेवले. मग आईच्या गुडघ्यांची सबब काढली. मनोरमाबाईंनी त्याच्यासमोर जिना चढून दाखवला. आपण आईच्या जन्माच्या इच्छेत खोडा घालतो आहोत, हे त्याला कळत होतं. पण प्रवास झाला की रामेश्वराच्या पिंडीवर बाबांच्या नावाने नळाचं पाणी गंगा म्हणून पडणार, आणि आई हात जोडून उभी राहणार, हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. ते टाळायचं तर एकच उपाय होता. मला घरी ठेवायचं.

तिकिटं निघाल्यावर एका रविवारी तो म्हणाला, "आई, एक प्रॉब्लेम आहे. सील केलेलं काहीच बोटीवर अलाउ नाही. सिक्युरिटीचा रूल आहे. तांब्या इथेच ठेवावा लागेल."

"मग लाख काढून नेऊ या," प्राची म्हणाली.

"नाही बाई," मनोरमाबाई म्हणाल्या. "पिंडीपर्यंत बंदच जायला पाहिजे. मधे उघडलं तर एवढी वर्षं सांभाळलं कशाला?"

"तेच ना. म्हणून म्हणतो, तांब्या राहू दे. तू बोटीत बस, मस्त फिरून ये. रामेश्वर नंतर बघू."

उदयला वाटलं, बोटीसाठी आई मला सोडील. चाळीस-पन्नास वर्षं जिचा ध्यास घेतला, ती बोट दारात उभी. पण मनोरमाबाई नकाशाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तो नीट घडी घालून प्राचीच्या हातात दिला. "तर मग माझं तिकीट कॅन्सल कर. त्यांनी मला तांब्या सांभाळायला सांगितलं होतं, ठेवून जायला नाही. तुम्ही दोघं जाऊन या. मी फोटो बघीन."

असं हे झालं. एक खोटं लपवायला दुसरं खोटं बोलला आणि त्या दुसऱ्या खोट्याने आईची बोटच बुडवली. उदयच्या मनासारखं झालं होतं, तरी त्याला घास गोड लागेना. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. मनोरमाबाईंनी बूट खोक्यात घालून कपाटावर टाकले. आलेपाक शेजारच्या पोरांना वाटला. संध्याकाळी त्या बागेत गेल्याच नाहीत. कारखान्यातून येताना उदयने तो रिकामा झोपाळा पाहिला आणि तो घरी उशिरा आला.

आणि मी? मी देवघरात बसून होतो. माझ्यासाठी, माझ्यात नसलेल्या गंगेसाठी, एका बाईने समुद्र सोडला होता. मला वाटलं, त्या दिवशी फरशीवर पडलो तेव्हाच दुभंगलो असतो तर बरं झालं असतं.

मग ती सकाळ आली. उदय न्हाणीघराबाहेरच्या आरशापाशी दाढी करत होता. देवघर तिथून चार पावलांवर. मनोरमाबाईंनी मला फूल वाहिलं, पण रोजचं वाक्य म्हटलं नाही. हात माझ्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "माय, माफ कर. तुला उगाच कोंडून ठेवलं. तेव्हाच नुसतं रामेश्वर करून टाकलं असतं तर सुटली असतीस. बोटीचा लोभ माझा होता. माझंच चुकलं." आणि त्या रडायला लागल्या. आवाज न करता, खांदे हलत होते एवढंच.

उदयच्या हातातलं रेझर खाली पडलं. एका गालावर साबणाचा फेस, दुसरा गाल कोरा, तसाच तो आत आला आणि आईच्या पायाशी बसला.

"आई, तुझं काही चुकलं नाही. त्यात गंगा नाहीये."

"काय बोलतोस?"

"माझ्याकडून सांडली. रंगाच्या वेळी, तू उज्जैनला गेली होतीस तेव्हा. तू नको म्हणालीस तरी मी देव्हारा ओढला. मग मी नळाचं पाणी भरलं आणि सराफ्यातून लाख लावून आणली. बोटीचा तो रूल पण झूठ आहे, आई. तसा काही रूल नाही. पिंडीवर नळाचं पाणी पडेल म्हणून घाबरलो मी."

प्राची दारात येऊन उभी राहिली होती. मनोरमाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग एकच विचारलं.

"पुसलं कशाने?"

"पोछ्याने," तो म्हणाला.

मनोरमाबाई उठल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही त्या मुलाशी बोलल्या नाहीत. जेवणाची वेळ झाली की म्हणत, "प्राची, त्याला सांग, पान वाढलंय." मला फूलही वाहिलं नाही. खरं सांगू? उपाशी माणसाला भाकर मिळावी तसं मला ते बरं वाटलं. नको ते फूल एकदाचं थांबलं होतं.

तिसऱ्या सकाळी त्यांनी मला उचललं, गच्चीवर नेलं आणि उदयला हाक मारली. "लाख काढ."

उदयने सुरीने लाख खरवडली. झाकण गच्च बसलं होतं, ते त्याने दोन्ही हातांनी पिळून उघडलं. माझ्या पोटात पुन्हा उजेड आला.

"मोरीत नको ओतू हां," मनोरमाबाई म्हणाल्या. "एकदा ओतलंस तेवढं पुष्कळ. नर्मदा आहे ती. तुळशीला घाल." उदयने तुळशीला पाणी घातलं. त्या बघत राहिल्या. "नर्मदा काय कमी आहे रे? इथे तीच पाजते आपल्याला. तू तिला गंगा म्हणून बसवलंस, म्हणजे दोघींचाही अपमान केलास. आणि मी रोज सकाळी तुझ्या झूठला फूल वाहत होते, ते वेगळंच. सांडलं म्हणून मी दोन दिवस रडले असते. बस. पण तू मला सांगितलं नाहीस."

"चुकलं, आई."

"चुकलंच. नुसतं म्हणून काय उपयोग?" त्यांनी मला उलटा करून शेवटचा थेंब झटकला. "तुझ्या बाबांनी मधूनच सुरू केली होती यात्रा. म्हणून अडली असेल, कुणी सांगावं. आता पहिल्यापासून करायची. आधी रामेश्वरची वाळू आणायची, ती काशीला न्यायची आणि गंगा भरून परत रामेश्वर. वाळूला मी येते. काशीला जमलं तर येईन. पण गंगा तू आणायचीस, तुझ्या हाताने. मी असो, नसो." मग प्राचीकडे वळून जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "पण तिकिटं तर गेली असतील."

"मी अजून कॅन्सल केली नव्हती," प्राची म्हणाली. "हात होईना."

मनोरमाबाईंनी सुनेच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि कपाटावरचे बूट काढायला पाठवलं.

उदयने मला चिंच आणि मिठाने आतून-बाहेरून घासलं. कुणाला हात लावू दिला नाही. त्याच्या हातांतली जोराची घासाघीस मला लागत होती, पण मी हूं की चूं केलं नाही. काही डाग जोराने घासल्यावरच जातात.

नागपट्टिनमला पोचलो आणि काय सांगू, वारा सुटला होता. बोट त्या दिवशी निघणार नाही, असं कळलं. उदयने घरी सांगितलेली सबब समुद्राने खरी करून दाखवली. तो बंदराच्या कठड्यापाशी तोंड पाडून उभा राहिला. मनोरमाबाई म्हणाल्या, "घे, तूच बोलावलेलं वादळ आहे. आता शेव खा आणि गप बस." सगळ्यांनी शेव खाल्ली. दुसऱ्या दिवशी वारा पडला.

बंदरावर तपासणी होती. वाटेत प्यायला माझ्यात साधं पाणी भरून घेतलं होतं. शिपायाने मला उचलून हलवलं आणि आत काय आहे असं खुणेने विचारलं. उदयने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग झाकण फिरवून उघडलं, मला वर धरलं आणि तो माझ्यातलं पाणी घटाघटा प्यायला. "पीने का पानी है," तो म्हणाला. शिपाई हसला आणि त्याने जाऊ दिलं. मित्रांनो, माझ्यात काय आहे हे त्या दिवशी उदयने न अडखळता सांगितलं. आणि कितीतरी वर्षांनी माझ्यातलं पाणी कुणाच्या तरी घशाखाली उतरलं. मी तांब्या आहे, मूर्ती नाही, हे मी जवळजवळ विसरलोच होतो.

बोट हलू लागली. मनोरमाबाई काचेपाशी उभ्या होत्या. सगळीकडे पाणीच पाणी. पदराच्या टोकाला त्यांनी वासुदेवांचा छोटा फोटो बांधून आणला होता, तो त्यांनी काचेला टेकवला. झोपाळ्यावरची प्रॅक्टिस कामी आली. त्यांना काही झालं नाही. झालं ते उदयला. अर्ध्या वाटेत तो हिरवा-पिवळा झाला. मनोरमाबाईंनी त्याचं डोकं धरलं, माझं झाकण उघडलं आणि त्याला चूळ भरायला दिली. संताजींची आठवण येऊन मला हसू फुटलं.

"आई, इंदूरला कुणाला सांगू नको हां," उदय कसाबसा म्हणाला.

"सांगणार," मनोरमाबाई म्हणाल्या. "आपल्या घरात आता काही झाकून ठेवायचं नाही." आणि त्यांनी पदराने त्याचं तोंड पुसलं. उदय रडला. मळमळीने नव्हे, ते मला कळलं.

परतल्यावर रामेश्वरला गेलो. उदय गुडघाभर पाण्यात उतरला आणि त्याने ओंजळीने माझ्या पोटात वाळू भरली. मनोरमाबाई काठावर बूट हातात घेऊन उभ्या होत्या.

आता मी पुन्हा जुनी इंदूरच्या घरात, त्याच देवघरात आहे. मनोरमाबाईंनी माझ्यावर लाख लावू दिली नाही. झाकण नुसतं ठेवलेलं असतं, कुणीही उचलून पाहावं. मला हलवलं की आत वाळू खसखसते. कामाला निघताना उदय माझं झाकण उचलतो, आत पाहतो आणि पुन्हा ठेवतो. थंडीत काशीला जायचं ठरलं आहे. मनोरमाबाईंचे गुडघे आता कुरकुर करतात. त्या येतील की नाही, ठाऊक नाही. त्या तसं विचारतही नाहीत. गंगा येईल की नाही, तेवढं मात्र अधूनमधून विचारतात, आणि उदय म्हणतो, "आणणार, आई."

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं एखादं जुनं भांडं असेल. त्याला घासा, वापरा, अडगळीत टाकू नका. हातून पडलं, त्यातलं काही सांडलं, तर लगेच जाऊन सांगा. ओरडा बसेल, थोडा वेळ बसेल. सांडलेलं पुन्हा भरता येतं हो. पण नुसतं भरलेलं दिसावं म्हणून कुणी वरून लाख लावली, तर भांड्याच्या जिवाला काय होतं, ते मी भोगलं आहे.

मनोरमाबाई मला आता पुन्हा रोज सकाळी फूल वाहतात. "थांब रे, नेईल तो तुला," असं म्हणतात. आता मी ते फूल मान वर करून घेतो.